इनोसाँची दफनभूमी: पॅरिसने आपले मृत गावाबाहेर कसे नेले

30 मे 1780 रोजी पॅरिसमधल्या रू द ला लँजरी या गल्लीत एका घराच्या तळघराची भिंत फुटली. भिंतीपलीकडे इनोसाँची दफनभूमी होती, शहरातली सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी. काही महिन्यांपूर्वीच तिथे दीड-दोन हजार प्रेते मावतील एवढा नवा सामाईक खड्डा खणला होता. त्याचा भार आणि ओल त्या भिंतीला पेलवली नाही. खड्ड्यातली माती, अवशेष आणि कुजका वायू तळघरात उतरला. आसपासच्या घरांतही हीच कुरबूर फेब्रुवारीपासून चालू होती: तळघरात नेलेला दिवा विझतो, खाली गेलेल्या माणसाला ओकाऱ्या होतात, चक्कर येते.

या दफनभूमीची हकीकत सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि कारणमीमांसाही इथेच संपवतात. भिंत पडली, शहर हादरले, दफनभूमी बंद झाली. मला हे अपुरे वाटते. शहरातल्या दफनभूम्या वेशीबाहेर न्याव्यात असा हुकूम पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, 1765 मध्येच दिला होता. भिंत पडण्याआधी पंधरा वर्षे निर्णय कागदावर तयार होता. तो कुणी अडवला, कशासाठी अडवला, आणि अखेर कुणाच्या त्रासामुळे तो अमलात आला, हे पाहिल्याशिवाय या प्रकरणातून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही.

रस्त्याकडेची जागा

मुळात ही जागा गावाबाहेरच होती. सेन नदीच्या उजव्या तीरावरून उत्तरेकडे जाणाऱ्या सँ-दनीच्या रस्त्यालगत लोक आपले मृत पुरत. 1137 च्या सुमारास सहाव्या लुई राजाने शहराचा बाजार शेजारच्या मोकळ्या जमिनीवर आणला. बाजारामागून वस्ती आली. दफनभूमी जागची हलली नाही, शहरच सरकत सरकत तिच्याभोवती येऊन बसले. कबरींमधून जनावरे फिरू लागली, बाजारकरी तिथे माल मांडू लागले, चिखल आणि घाण वाढली. 1186 मध्ये फिलिप ऑगस्ट राजाने भोवती भिंत घातली. शेजारचे चर्च हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांच्या नावाने होते, तेच नाव दफनभूमीलाही मिळाले.

भिंतीच्या आतली जमीन पावणेदोन एकरांच्या आसपास. एवढ्याशा जागेत वीसेक पॅरिशांचे, म्हणजे एकेका चर्चच्या वस्तीविभागाचे, मृत येत. कित्येक शतके ओतेल-द्यू या मोठ्या रुग्णालयात मेलेलेही इथेच येत, आणि रस्त्यावर किंवा नदीत सापडलेले बेवारसही. 1348 च्या प्लेगमध्ये ओतेल-द्यूतून रोज पाचशेहून अधिक प्रेते इनोसाँकडे नेली जात, असे त्या काळच्या एका बखरकाराने लिहून ठेवले आहे.

एवढी माणसे एवढ्या जागेत मावली कशी? अठराव्या शतकातली पद्धत रसायनशास्त्रज्ञ फूरक्रोआने तपशिलाने नोंदवली आहे. खड्डा तीस फूट खोल आणि वीस फूट लांब-रुंद. गरिबांच्या पातळ फळ्यांच्या पेट्या त्यात एकमेकींना खेटून, थरावर थर, रचत जायच्या. दोन थरांमध्ये माती घालायची नाही. हजार ते दीड हजार पेट्या झाल्या, की वर फूटभर माती पसरायची. खड्डा भरायला तीनेक वर्षे लागत आणि तोवर तो उघडाच राही. पंधरा ते तीस वर्षांनी तीच जागा पुन्हा खणायची, हाडे काढायची आणि नवा खड्डा करायचा. शेवटच्या काळातल्या कबर खणणाऱ्याने तीस वर्षांच्या आत नव्वद हजारांहून अधिक मृत इथे पुरले होते. वर्षाला तीन हजार झाले! आतली जमीन भोवतालच्या रस्त्यांपेक्षा दोन मीटरहून अधिक वर आली होती. तळघराच्या भिंतीवर जे दाबत होते, ते एका खड्ड्याचे वजन नव्हते, सहा शतकांचे होते.

बाहेर काढलेली हाडे कुठे ठेवायची, याचीही सोय होती. भिंतीच्या आतल्या बाजूने चौदाव्या-पंधराव्या शतकांत कमानींच्या लांबलचक पडव्या बांधल्या गेल्या. श्रीमंत शहरवासी पुण्य म्हणून एकेका कमानीचा खर्च उचलत. निकोला फ्लामेल या सधन लेखनिकानेही एक कमान बांधून दिली होती. कमानींच्या वर, छपराखाली, माळे होते. हाडे तिथे रचलेली असत आणि खालून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत.

मेलेल्यांच्या शेजारचा संसार

आज आपण दफनभूमी म्हटले की शांतता गृहीत धरतो. इनोसाँमध्ये शांतता कधी नव्हतीच. कमानींखाली कापडाचे, किरकोळ वस्तूंचे विक्रेते बसत. निरक्षर मोलकरणींना आणि गड्यांना पत्रे, अर्ज लिहून देणारे लेखनिकही तिथेच मेज टाकून बसत. डोक्यावर कवट्यांची रास आणि खाली घरी पाठवायचे प्रेमपत्र, हे तिथले रोजचे दृश्य होते. यात कुणाला विपरीत वाटत नसे, याची बरीच वर्णने उपलब्ध आहेत.

1424 च्या ऑगस्टपासून पुढच्या वसंतापर्यंत दक्षिणेकडच्या कमानींच्या भिंतीवर एक मोठे चित्र रंगवले गेले. पोप, सम्राट, सरदार, व्यापारी, शेतकरी, तान्हे मूल, प्रत्येकाचा हात एकेका मृताने धरला आहे आणि तो त्याला नाचत घेऊन चालला आहे. ‘मरणाचा नाच’ हा विषय पुढे युरोपभर गेला, त्याचे पहिले मोठे ज्ञात भित्तिचित्र हेच. 1429 मध्ये ब्रदर रिशार नावाचा फ्रान्सिस्कन साधू या चित्रासमोर, कमानींकडे पाठ करून, रोज पहाटेपासून कित्येक तास प्रवचन करी आणि हजारो लोक कबरींवर बसून ऐकत. पुढे 1572 मध्ये, सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रोटेस्टंटांची कत्तल चालू असताना, याच आवारातले एक सुकलेले काटेरी झाड अवेळी फुलले अशी आवई उठली. कॅथलिक जमावाने तो दैवी कौल मानला. कत्तलीला त्याने आणखी जोर चढला.

इथल्या मातीबद्दल लोकांची श्रद्धा होती की ती नऊ दिवसांत देह खाऊन टाकते. लवकर माती होणे म्हणजे लवकर मुक्त होणे, अशी त्यामागची भावना. पंधराव्या शतकातल्या पॅरिसच्या एका बिशपला आपल्या पदामुळे इथे पुरून घेता येत नव्हते, म्हणून त्याने इथली थोडी माती आपल्या कबरीत घालायला सांगितली. गरिबांचे जे ठिकाण, त्याच मातीची एका बिशपाला ओढ वाटली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे अठराव्या शतकात याच मातीला ‘विषारी’ ठरवले गेले. माती तीच होती. लोकांची तिच्याकडे बघण्याची नजर बदलली.

दक्षिणेला रू द ला फेरोनरी ही अरुंद गल्ली होती. 14 मे 1610 रोजी या गल्लीत गाड्यांच्या कोंडीत चौथ्या आंरीची बग्गी अडकली आणि मारेकऱ्याने राजाला भोसकले. सुमारे साठ वर्षांनी, 1669 मध्ये, गल्ली रुंद करायला ती बाजू पाडली आणि ‘मरणाचा नाच’ही गेला. त्याची कल्पना आज आपल्याला 1485 मध्ये छापलेल्या लाकडी ठशांच्या चित्रांवरूनच करावी लागते.

हुकूम का अडला

अठराव्या शतकात तक्रारी वाढत गेल्या. बाजारातल्या दुकानदारांचे म्हणणे होते की मांस आणि दूध इथे लवकर नासते. 1737 मध्ये पार्लमाँने डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. त्यातून मोठे काही निघाले नाही. 1763 मध्ये पुन्हा चौकशी झाली, या वेळी शहरातल्या सगळ्या दफनभूम्यांची, आणि तिच्यावरून 1765 चा हुकूम आला: शहराबाहेर मोठ्या सामाईक दफनभूम्या काढाव्यात, आतल्या बंद कराव्यात.

तो अमलात आला नाही. पहिले कारण पैसा.

पॅरिसमध्ये दफन हे चर्चच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. कुठे पुरायचे त्यावर दर ठरे. वेदीजवळची जागा सर्वांत महाग, त्याखालोखाल चर्चच्या जमिनीखालची, मग कमानींखालची, मग आवारातली स्वतंत्र कबर. शेवटी सामाईक खड्डा. घंटा किती वाजवायची, मेणबत्त्या किती, पाद्री किती, तिरडीवरचे वस्त्र कोणते, यांचे दर वेगळे. इनोसाँची जमीन सँ-जेर्मँ-लोसेरुआ या चर्चच्या धर्ममंडळाकडे होती. 1744 मध्ये ते मंडळ नोत्र-दामच्या मंडळात विलीन झाले आणि हक्क तिकडे गेले. मृत वेशीबाहेर गेले की हे सगळे उत्पन्न धोक्यात येणार होते.

हुकुमातली एक पळवाट तर फार बोलकी आहे. दोन हजार लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) भरणाऱ्याला चर्चच्या आत दफनाची मुभा कायम राहणार होती. कुजणाऱ्या देहाने हवा बिघडते हे कारण खरे मानले, तर दोन हजार लिव्र भरल्याने देह कुजायचा थांबत नाही. हुकूम लिहिणाऱ्यांना कुणाचे देह हलवायचे आहेत हे नेमके ठाऊक होते.

पाद्र्यांचा विरोध केवळ लोभातून होता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. नव्या योजनेत मृतदेह आधी शहरातल्या एका ठरावीक खोलीत ठेवायचे होते आणि मग रात्री गाड्या सगळ्यांचे गोळा करून वेशीबाहेर नेणार होत्या. घरच्यांनी मागे चालत जायचे नाही. पॅरिशच्या पाद्र्यांनी आक्षेप घेतला की लोक हे सहन करणार नाहीत. आपल्या माणसाला शेवटपर्यंत पोचवता येत नाही, तो कुठे ठेवला हे कळत नाही, वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला जायला जागा उरत नाही. हा मुद्दा मला खरा वाटतो. योजना आखणाऱ्या न्यायाधीशांना हवेची चिंता होती, पण रडणाऱ्या घराचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. गरिबाला खड्डा मिळत होता हे खरे, पण तो खड्डा त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. एवढाच त्याचा हक्क होता आणि तोच जाणार होता.

1776 मध्ये सोळाव्या लुईने चर्चच्या आतल्या दफनांवर देशभर मर्यादा घातल्या. तोही नियम सवलतींनी पोखरलेला होता. इनोसाँमध्ये खड्डे खणणे चालूच राहिले.

तळघर

मग 1780 चे तळघर. शहराच्या आरोग्यविषयक बाबींचे निरीक्षक कादे द व्हो यांच्याकडे चौकशी आली. ते औषधनिर्माते आणि रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांनी तळघरांत दिवे नेऊन पाहिले, ते कुठल्या उंचीवर विझतात ते नोंदवले, भिंतींवर चुना मारून घेतला, फटी बुजवल्या. वायू तरीही झिरपत राहिला.

आजच्या ज्ञानाने पाहिले तर दिवा विझण्याचे कारण सरळ आहे. कुजण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि प्राणवायूला बाजूला सारतो. हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू त्यात असतील, तर ओकाऱ्या आणि भोवळही येणारच. तळघरातला धोका कल्पनेतला नव्हता. पण कादे द व्हो आणि त्यांच्या काळातले डॉक्टर त्यापुढे जाऊन म्हणत होते की हीच कुजकी हवा गावभर साथी पसरवते. रोगजंतूंचा शोध लागायला आणखी शंभरेक वर्षे होती. दुर्गंध हाच रोग, असे त्या पिढीतल्या विद्वानांचे प्रामाणिक मत होते. ते चुकीचे निघाले. त्यावर उभा राहिलेला निर्णय तरी शहराच्या सोयीचा होता, आणि अशी उदाहरणे सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात बरीच आहेत.

पार्लमाँने त्याच वर्षी इनोसाँमधली दफने थांबवण्याचा आदेश दिला आणि 1780 च्या अखेरीस तिथले दफन कायमचे बंद झाले. पंधरा वर्षे न हललेला कागद सहा महिन्यांत हलला. माझा निष्कर्ष असा की बदल शास्त्रात झाला नव्हता. 1737 च्या डॉक्टरांना दुर्गंध येतच होता. बदलले ते एवढेच की मृत आता भिंत ओलांडून कर भरणाऱ्या, भाडे घेणाऱ्या, तळघरात माल साठवणाऱ्या माणसाच्या घरात आले होते. उघड्या खड्ड्याशेजारी दिवसभर बसणाऱ्या लेखनिकाने आणि खड्डा खणणाऱ्या मजुराने तीच हवा पिढ्यान्‌पिढ्या घेतली होती. त्यांच्या श्वासासाठी पार्लमाँ कधी बसले नव्हते.

पोकळ जमीन

बंद करणे सोपे. आतल्यांचे काय करायचे? पाच वर्षे ती जागा तशीच पडून राहिली.

उत्तर पॅरिसच्या दुसऱ्याच एका संकटातून आले. शहर ज्या चुनखडीने बांधले गेले, ती शतकानुशतके शहराच्या दक्षिण अंगाच्या जमिनीखालून काढलेली होती. खाली बोगद्यांचे जाळे आणि वर घरे. डिसेंबर 1774 मध्ये रू दांफेर या रस्त्याचा मोठा भाग खचून खाली गेला. 1777 मध्ये राजाने खाणींची तपासणी करणारे स्वतंत्र खाते काढले आणि वास्तुकार शार्ल-आक्सेल गियोमो यांना त्यावर नेमले. गियोमोंनी आयुष्यभर बोगद्यांचे नकाशे काढले, आधाराचे खांब बांधले, छते सावरली. ज्यांच्या कामाचे काहीही वरून दिसत नाही अशा अभियंत्यांमध्ये त्यांचे नाव फार वर घेतले पाहिजे.

पोलीसप्रमुख लनुआर यांनी या दोन प्रश्नांची सांगड घातली: इनोसाँची हाडे रिकाम्या खाणींत न्यावीत. 1785 मध्ये त्यांच्या जागी तिरू द क्रोन आले आणि काम त्यांच्या देखरेखीत झाले. नोव्हेंबर 1785 मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने दफनभूमी रिकामी करून तिथे बाजार भरवण्याचा निर्णय दिला. तोंब-इसुआर भागातल्या खाणी ठरल्या. तिथे उतरायला जिना केला, हाडे खाली सोडायला विहिरीसारखे भुयार केले. 7 एप्रिल 1786 रोजी धर्मगुरूंनी त्या जागेला पवित्र करून घेतले.

खोदकाम डिसेंबर 1785 मध्ये सुरू झाले आणि 1787 पर्यंत टप्प्याटप्प्याने चालले. रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनचे डॉक्टर तूरे यांच्याकडे वैद्यकीय देखरेख होती. त्यांचा अहवाल वाचताना जाणवते की त्यांनी हे काम मजुरांचे प्राण सांभाळून करवून घेतले. दहा फुटांहून अधिक जाडीची माती उचलली. ऐंशीहून अधिक तळकबरी उघडल्या. चाळीस ते पन्नास सामाईक खड्डे आठ-दहा फुटांपर्यंत, काही तर तळापर्यंत, खणले. पेट्यांसकट बाहेर काढलेले देहच पंधरा ते वीस हजार होते. सुट्या हाडांची गणती कुणी केली नाही.

वाहतूक रात्रीची. काळ्या वस्त्राने झाकलेल्या गाड्या, पुढे-मागे मशाली, सोबत मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणणारे पाद्री. नदी ओलांडून दक्षिणेपर्यंत हा ताफा रोज जाई. 1765 च्या योजनेतही रात्रीच्या गाड्या होत्या आणि 1786 च्या कामातही. फरक असा, की या वेळी गाड्यांबरोबर प्रार्थना होती आणि जिथे न्यायचे ती जागा आधी पवित्र केलेली होती. वीस वर्षांपूर्वी पाद्र्यांनी घेतलेला आक्षेप अर्धा तरी ऐकला गेला. शहराने हे निमूट पाहिले, दंगा झाला नाही. माझ्या मते या कामाच्या यशात गियोमोंच्या खांबांइतकाच वाटा या विधींचा आहे.

खड्ड्यांतली मेणासारखी चरबी

खोदकामातून एक शास्त्रीय शोधही हाती आला. सामाईक खड्ड्यांच्या खालच्या थरांत तूरे आणि फूरक्रोआ यांना असे देह सापडले, की जे कुजले नव्हते आणि वाळलेही नव्हते. मांसाची जागा करड्या-पांढऱ्या, मऊ, मेणासारख्या पदार्थाने घेतली होती. कबर खणणाऱ्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा होता. हे फक्त खड्ड्यांत, एकावर एक ठेवलेल्या देहांत होते, एकट्या पुरलेल्यांत क्वचित, हे त्यांनीच शास्त्रज्ञांना सांगितले. फूरक्रोआने या पदार्थाची परीक्षा केली आणि पुढे त्याला ‘ॲडिपोसीर’ हे नाव मिळाले. ओलसर आणि हवा न खेळणाऱ्या जागेत शरीरातल्या चरबीचे मेदाम्लांत रूपांतर होते, तो हा पदार्थ. न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्याला तो आजही शिकावा लागतो.

देहांना माती न लागता ते एकमेकांवर रचल्याने हे घडले. म्हणजे नऊ दिवसांत देह खाणाऱ्या मातीखाली, ज्यांना सर्वांत स्वस्तात पुरले तेच सर्वांत कमी विरघळले होते.

काय राखले, काय राखले नाही

दफनभूमीबरोबर चर्चही पाडले गेले. त्याच्या कोपऱ्याला टेकून एक कारंजे होते. दुसऱ्या आंरीच्या नगरप्रवेशासाठी 1549 मध्ये उभारलेले, पिएर लेस्कोच्या आराखड्याचे, त्यावरच्या जलदेवता जाँ गुजाँच्या हातच्या. ते वाचवावे म्हणून कलाप्रेमींनी वृत्तपत्रात आवाज उठवला. कारंजे दगड दगड सुटे करून नव्या बाजाराच्या मध्यभागी पुन्हा उभे केले. ते मूळचे तीनच बाजूंचे होते, चौथी बाजू शिल्पकार पाजूने नव्याने घडवली. अलीकडेच मोठी दुरुस्ती होऊन ते 2024 मध्ये पुन्हा खुले झाले. आवारातला अलाबास्टरचा, सांगाड्याच्या रूपातला मृत्यूचा पुतळाही वाचला. तो लूव्र संग्रहालयात आहे.

माणसांची नावे कुणी वाचवली नाहीत. खाणींत हाडे ठेवली तिथे दगडावर दफनभूमीचे नाव आणि आणल्याची तारीख कोरली आहे, तेवढीच ओळख. पुढे इतर दफनभूम्यांचेही अवशेष तिथे गेले, 1810 नंतर एरिकार द त्यूरी या अधिकाऱ्याने हाडांच्या भिंती रचून घेतल्या, आणि ‘कॅटाकोम्ब’ म्हणून जगभरचे प्रवासी आज जे पाहतात ते हेच. साठ लाख माणसे तिथे आहेत असा अंदाज दिला जातो.

त्या साठ लाखांत कथाकार कवी ला फोंतेनही बहुधा आहेत. एप्रिल 1695 मध्ये त्यांना इनोसाँत पुरल्याची नोंद आहे. पुढे एका चरित्रकाराने चुकून दुसरीच दफनभूमी सांगितली, क्रांतीच्या काळात तिथली हाडे उकरली गेली आणि 1817 मध्ये ती मोठ्या सन्मानाने पेर लाशेज दफनभूमीत नेली. तिथल्या कबरीवर लोक फुले वाहतात. आत दुसराच कुणी असण्याची शक्यता अधिक.

रिकाम्या झालेल्या जागेत भाजी-फळांचा बाजार भरू लागला. 1830 च्या जुलै क्रांतीत रस्त्यांवर मेलेल्यांपैकी काहींना घाईने याच बाजारात पुरावे लागले. दहा वर्षांनी त्यांना बास्तीलच्या स्मारकस्तंभाखाली हलवले. या मृतांची नावे मात्र स्तंभावर कोरली आहेत.

1804 चा कायदा

इनोसाँ प्रकरणाचा कायदेशीर शेवट नेपोलियनच्या काळात, जून 1804 मध्ये झाला. त्या हुकुमाने वस्तीत आणि चर्चच्या आत दफन बंद केले. पैसे भरून सूट मिळण्याची जुनी पळवाट गेली. वस्तीपासून किमान पस्तीस ते चाळीस मीटर अंतर, दीड ते दोन मीटर खोली, प्रत्येकाला वेगळा खड्डा, दोन खड्ड्यांमध्ये मोकळी जागा, आणि तोच खड्डा पाच वर्षांच्या आत पुन्हा उघडायचा नाही. हे एकेक कलम फूरक्रोआने वर्णिलेल्या खड्ड्याच्या बाजूला ठेवून वाचावे. प्रत्येक कलम त्या खड्ड्यातल्या एकेका गोष्टीला दिलेले उत्तर आहे. दफनभूमीचा कारभार आणि देखरेख नगरप्रशासनाकडे आली.

त्याच वर्षी पूर्वेकडच्या टेकडीवर पेर लाशेज सुरू झाली. झाडे, वळणाच्या वाटा, घरातल्यांना येऊन बसता येईल अशा कबरी. सुरुवातीला लोक तिकडे जाईनात, अंतर फार वाटे. एलोईज आणि आबेलार हे मध्ययुगातले प्रसिद्ध प्रेमी, नाटककार मोलिएर अशा नावांचे अवशेष तिथे नेल्यावर ओघ वाढला.

या कायद्यात कायमची जागा विकत घेण्याचीही तरतूद होती. ज्यांना परवडे त्यांनी कुटुंबासाठी जमीन घेतली, वर दगडी घुमट्या उभारल्या. ज्यांना परवडत नव्हते त्यांना पाच वर्षांची मुदत. वेगळ्या खड्ड्याचे कलम छापून झाल्यावरही पॅरिसच्या दफनभूम्यांत गरिबांच्या पेट्या लांब चरांत, एकमेकींना लागून, पुरल्या जात राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या एकीवर एक रचल्याही जात होत्या.